संगणकीय खेळांचे शिक्षण : साधनांपलीकडचा पाया

बारावीनंतर 'मला संगणकीय खेळ तयार करायचे आहेत' असे मुलाने किंवा मुलीने सांगितले, की पालकांच्या मनात दोन शंका येतात. हा अभ्यासाचा विषय आहे काय आणि त्यातून उपजीविका होईल काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे होकारार्थी आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र विद्यार्थी काय आणि कसे शिकतो यावर अवलंबून आहे.

विद्यापीठाशी जुने नाते

१९६२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्टीव्ह रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' हा खेळ तयार केला. पुढे तेथील डिजिपेन या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये 'नार्बाक्युलर ड्रॉप' हा छोटा खेळ प्रकल्प म्हणून सादर केला. तो पाहून व्हॉल्व्ह कंपनीने त्या चमूला नोकरी दिली आणि त्याच कल्पनेतून २००७ मध्ये 'पोर्टल' हा गाजलेला खेळ साकारला. त्या विद्यार्थ्यांची खरी ओळख त्यांनी पूर्ण केलेल्या कामाने करून दिली.

खेळामागील शास्त्र

पडद्यावरील खेळ हे एक अखंड चक्र असते. खेळाडूची आज्ञा घेणे, खेळातील स्थिती बदलणे आणि नवे चित्र रेखाटणे या तीन क्रिया सतत होत राहतात. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर प्रत्येक फेरीला सुमारे १६.७ मिलिसेकंदच मिळतात. समजा, प्रत्येक चित्रागणिक पात्र ठरावीक अंतर पुढे सरकवले, तर सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या संगणकावर ते ३० चित्रे दाखवणाऱ्या संगणकापेक्षा दुप्पट वेगाने धावेल. म्हणून वेगाला दोन चित्रांमधील कालावधीने गुणावे लागते. सदिश, त्रिकोणमिती, गतिशास्त्र आणि आज्ञावलीचे शिक्षण येथे उपयोगी पडते. त्याच्या जोडीला चित्रकला, ध्वनी, कथा आणि नियमांची रचना हवी. ही सारी कौशल्ये एका व्यक्तीच्या ठायी क्वचितच असतात. त्यामुळे चमूने काम करणे हाही अभ्यासाचाच भाग ठरतो.

भारतातील वाटचाल

केंद्र सरकारने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात ॲनिमेशन, दृश्य परिणाम, गेमिंग व कॉमिक्स या क्षेत्रासाठी कृती दल नेमण्याची घोषणा केली. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मुंबईत या क्षेत्राचे राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र उभारण्यास मान्यता दिली. पुढे त्याला 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज' हे नाव मिळाले. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळूर केंद्रात डिजिटल खेळांच्या अभिकल्पाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला 'राजी' हा खेळ भारतीय पुराणकथांवर आधारलेला आहे. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तर ई-क्रीडा व सामाजिक खेळांना उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले. खेळनिर्मितीकडे जुगार म्हणून पाहणाऱ्या पालकांनी हा भेद ध्यानात घ्यावा.

निवड करताना

केवळ एखादे सॉफ्टवेअर शिकवणारा महागडा अभ्यासक्रम पुरेसा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी कंपनीने आपल्या साधनासाठी नवी आकारणी जाहीर केली, तेव्हा त्यावर विसंबलेले अनेक निर्माते अडचणीत आले. वर्षभराने ती आकारणी मागे घेण्यात आली. साधने अशी बदलतात, पण गणित आणि संगणकशास्त्राचा पाया टिकतो. तो पक्का असल्यास विद्यार्थ्याला सॉफ्टवेअरच्या अन्य क्षेत्रांतही काम मिळू शकते.

प्रवेशापूर्वी तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात : गणित व आज्ञावली किती सत्रे शिकवली जाते, चित्रकार व तंत्रज्ञ विद्यार्थी एकत्र प्रकल्प करतात काय आणि मागील तुकड्यांनी पूर्ण केलेले खेळ पाहावयास मिळतील काय? शुल्क परवडत नसेल, तर संगणकशास्त्राची सर्वसाधारण पदवी घेत गोडो या विनामूल्य साधनावर सराव करता येतो. अपूर्ण राहिलेल्या भव्य कल्पनेपेक्षा पाच मिनिटांत संपणारा, परंतु पूर्ण झालेला खेळ अधिक शिकवून जातो.