माळ्यावरची बंदूक

चि. निखिल यास,


फोटो मिळाले. एका फोटोत तुझा मित्र नळीच्या तोंडाला डोळा लावून आत बघतोय. असलं पुन्हा कुणाला करू देऊ नकोस. ठासणीची बंदूक भरून ठेवायची आणि मग भरल्याचं विसरून जायचं, हे जुन्या घरांत सर्रास व्हायचं. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीसुद्धा पेटते. तेव्हा तोंड माणसांपासून दूर ठेवून एक सरळ लाकडी काठी अलगद नळीत सोड, तोंडाशी पेन्सिलीने खूण कर आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून बघ. काठीचं टोक टोपी बसते त्या जागेजवळ पोचायला हवं. चार बोटं कमी पडली तर आत काहीतरी आहे. मग ओढू नकोस, ठोकू नकोस, लोहाराकडे तर मुळीच नेऊ नकोस. पोलिसांना कळव.

दुसरी गोष्ट कायद्याची. 'इतकी जुनी आहे, हिला कसला परवाना' असं तू लिहिलंयस. वयावर माफी मिळत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुनाट किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्राला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालवता येणार नाही अशा अवस्थेत असलं तरच. तुझ्या फोटोतली मला धडधाकट दिसते. आजोबांच्या ट्रंकेत परवान्याची वही असणार, ती शोध. ती घेऊन वकिलाला भेट आणि वारसाचा अर्ज कसा करायचा ते विचार. तोवर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागेल. आणि सूट मिळावी म्हणून कुणी नळी कापून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठव. विनापरवाना नळी कापणं हाच गुन्हा आहे, आणि वस्तू कायमची जाते ती वेगळीच.

आता तू खरं जे विचारलंस ते. घोड्याखालच्या पोलादी पाटीवर मुकुट आहे, त्याखाली 'व्ही आर', पुढच्या बाजूला '१८६२' आणि 'टॉवर'. नळीला लाकडाशी बांधणारी कडी तीन. ही १८५३च्या नमुन्याची एन्फिल्ड घडण. काडतुसांवरून १८५७ला जे पेटलं, त्या घराण्यातली. पण साल एकदा वाचलंस की घरातली गोष्ट अडचणीत येते. आपल्याकडे ही पारोळ्याच्या किल्ल्यातून आली, झाशीच्या राणीच्या सासरकडची आहे, असं सांगतात. तिच्या सासरच्या नेवाळकरांचं पारोळ्याशी नातं खरं आहे. किल्ला हरी सदाशिव दामोदरांनी १७२७ला बांधला आणि इंग्रजांनी तो १८५९ला मोडून काढला, हेही खरं. राणी तर १८५८च्या जूनमध्येच गेली. मग १८६२चा शिक्का असलेली बंदूक तिथून कशी येईल? काकांना वाईट वाटेल. वाटू दे. शिवाय ते साल पाटी घडल्याचं आहे. पारोळ्यात ती कधी आली ते त्यावरून कळत नाही.

मला या बंदुकीची दुसरीच उत्सुकता आहे. उठावानंतर सरकारने हिंदी शिपायांच्या हातात पिळाच्या खाचांची नळी द्यायचं टाळलं आणि बाहेरून तशीच दिसणारी, आतून गुळगुळीत नळीची बंदूक दिली. तिच्यावर मागची निशाणपट्टीही साधी, ठोकळ्यासारखी. अस्सल रायफलीवर शिडीसारखी उभी राहणारी पट्टी आणि यार्डांचे आकडे असतात. बंदूक रिकामी असल्याची खात्री झाली की टॉर्चचा उजेड पाडून बाजूने नळीच्या तोंडाच्या कडेला बघ. तीन खाचा दिसल्या तर रायफल. गुळगुळीत असेल तर सरकारने आपल्याच शिपायावर न ठेवलेला विश्वास तुझ्या हातात आहे, आणि मला तीच जास्त मोलाची वाटेल. बाजारी नक्कलही असू शकते, पर्यटकांसाठी अशा खूप बनल्या. अक्षरं वाकडीतिकडी, खोदकाम उथळ, किंवा 'व्ही आर'च्या शेजारी १८३७च्या आधीचं साल असलं की समजावं. व्हिक्टोरिया गादीवर आली तीच मुळी १८३७ला. तुझ्या पाटीची अक्षरं मला तरी सरळ दिसली.

किमतीचा आकडा मी सांगणार नाही. तू सांगितलेला जळगावचा माणूस फोटो बघून भाव सांगतो, म्हणजे त्याला एकतर बंदूक कळत नाही किंवा तू कळला आहेस. परवान्याच्या भानगडीत अडकलेली वस्तू विकता येत नाही, आणि शंभर वर्षांवरची पुराणवस्तू १९७२च्या कायद्याने खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा परदेशातल्या लिलावांचे आकडे वाचून हुरळू नकोस. मोल ठरतं ते घोडा, गज, कडी मूळची आहेत का, शिक्के शाबूत आहेत का आणि सोबत कागद आहे का यावर. आजोबांची ती वही म्हणूनच जप.

आणि चमकवू नकोस! लोखंडावरचा तपकिरी-काळा थर वयाचा आहे, तो राहू दे. नारिंगी भुकटी सुटत असेल तोच खरा गंज. त्याला मऊ सुती कापडावर शिलाई मशीनचं तेल घेऊन हलकं पुसायचं, बस. शेंगदाण्याचं तेल लावशील तर चिकट पुटं चढतील. दस्त्याच्या टोकाला आणि चापाच्या कड्याला पितळ आहे. वहिनी चिंच किंवा लिंबू घेऊन येईल, तिला माझं नाव सांगून थांबव. लाकूड अक्रोडाचं असावं, त्याला व्हार्निश नको. खंडेनवमीला पूजा करायची तर शेजारी पाटावर हळद-कुंकू वाहा. ओलं गंध आणि लिंबाचा रस लोखंड खातात, देवाला त्यात काही मिळत नाही. हात लावताना सुती मोजे घाल, घामातल्या मिठाने लोखंड बोटांच्या ठशासकट गंजतं.

जमा करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढ, तेलाचा पातळ हात फिरव आणि पावतीवर शिक्के, साल, क्रमांक असल्यास तो आणि कुठे काय तुटलंय ते लिहून घे. परत मिळाली की माळ्यावर ठेवू नकोस. मे महिन्यात पत्र्याखाली तिथे लाकूड तडकतं आणि पावसात ओल धरते. आतल्या खोलीतलं लाकडी कपाट चालेल, आडवी, धुतलेल्या सुती कापडात. चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या गवसणीत नाही. निशाणपट्टीचा फोटो मात्र लगेच पाठव.

तुझी आत्या