पुरुषांची ‘कमजोरी’ आणि रक्तातील साखर

मधुमेहाने डोळे जातात, मूत्रपिंडे निकामी होतात, पायाची जखम चिघळते, हे आता खेड्यापाड्यांतही ठाऊक झाले आहे. परंतु याच रोगाचा आणखी एक परिणाम आहे, ज्याविषयी पुरुष कोणाजवळही बोलत नाहीत. तो म्हणजे लिंगशैथिल्य. समागमाच्या वेळी इंद्रियास पुरेशी ताठरता न येणे, किंवा आली तरी न टिकणे. आमच्या हिंगणी-सेलू भागात याला नुसते ‘कमजोरी’ म्हणतात. रुग्ण येतो तो पाठदुखी किंवा थकव्याचे निमित्त करून, आणि जाता जाता हळूच म्हणतो, “डॉक्टरसाहेब, आताशा काही जमत नाही जी.”

वाचकहो, आजचा विषय हाच आहे. भगिनींनीही हा लेख जरूर वाचावा. कारण हा प्रश्न एकट्या पुरुषाचा नसून घराचा आहे, आणि कित्येकदा तो जिवाचाही असतो.

ही तक्रार किती जणांना असते?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ४० ते ७० वयाच्या पुरुषांची पाहणी झाली. १९९४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ५२ टक्के पुरुषांना ही तक्रार कमीअधिक प्रमाणात होती. मधुमेही पुरुषांत ती इतरांपेक्षा दहा-पंधरा वर्षे आधीच सुरू होते. आपल्या देशात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार मधुमेहींची संख्या १० कोटींवर असून, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले १३ कोटींहून अधिक आहेत. तेव्हा ‘मला एकट्यालाच असे झाले’ ही समजूत प्रथम काढून टाकावी.

हे कसे घडते?

ताठरता येते ती इंद्रियात रक्त भरल्यामुळे. मेंदूकडून संदेश आला, की मज्जातंतूंतून आणि रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याने वाहिन्या सैल होऊन रुंदावतात आणि रक्त जोराने आत येते. या वायूचे रक्तवाहिन्यांतील कार्य शोधून काढणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तातील साखर सतत वाढलेली राहिली, की हे अस्तर बिघडते आणि मज्जातंतूही दुबळे होतात. वाढलेला रक्तदाब, रक्तातील चरबी आणि तंबाखू त्यात भर घालतात. पोटावरची चरबी पुरुषी संप्रेरकाचे प्रमाणही घटवते. म्हणजे सुटलेले पोट, साखर, रक्तदाब आणि चरबी ही चारही भावंडे मिळून एकाच ठिकाणी घाव घालतात.

शेतकरी बांधवांना हे चटकन कळावे म्हणून ठिबकचे उदाहरण देतो. पाण्यात क्षार असले, तर आधी बारीक तोट्या बंद पडतात. मुख्य पाइप नंतर चोंदतो. शरीरातही असेच आहे. इंद्रियाची रक्तवाहिनी जेमतेम १ ते २ मिलिमीटर रुंद असते, तर हृदयाची ३ ते ४ मिलिमीटर. म्हणून रक्तवाहिन्यांचा बिघाड पुष्कळदा आधी इथे दिसतो आणि दोन ते पाच वर्षांनी छातीत कळ येते. असे प्रत्येकाला होतेच असे नाही. पण चाळिशीनंतर हळूहळू ही तक्रार सुरू झाली, तर ती हृदयाने आगाऊ पाठवलेली सूचना समजावी.

‘मी तर बारीक आहे!’

हे उत्तर मी नेहमी ऐकतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या समजुतीला चांगले उत्तर दिले आहे. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी आपला दोघांचा फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांची निघाली ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! आपली हाडकुळी माणसे आतून चरबीयुक्त असू शकतात. म्हणून वजनापेक्षा कंबर मोजावी. बेंबीच्या पातळीवर टेप लावून पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या वर असेल, तर सावध व्हावे.

कारण मनाचे की शरीराचे?

तक्रार एकाएकी सुरू झाली, कधी जमते कधी नाही, आणि पहाटे झोपेतून उठताना ताठरता येते, तर कारण बहुधा मनाचे असते. कर्ज, नापिकी, भांडण, भीती, दारू. तक्रार हळूहळू वाढत गेली आणि पहाटेची ताठरताही गेली, तर कारण बहुधा शरीराचे. पुष्कळदा दोन्ही असतात.

एक ४६ वर्षांचे गृहस्थ माझ्याकडे आले. पूर्वी शेतात पायी जात, आता मोटरसायकलने. दिवसाला सात-आठ खर्रे. वर्षभर पती-पत्नीत अबोला होता. यांचे बाहेर काहीतरी असावे असे तिला वाटे, आणि आपण पुरुषच उरलो नाही असे यांना. तपासणीत उपाशीपोटी साखर १६८ आणि रक्तदाब १५०/९६ निघाला. रोगाचे नाव कळले तेव्हा दोघांच्याही मनावरचे ओझे उतरले. औषधे, रोजचे चालणे आणि खर्रा बंद, असे आठ महिने चालले. सर्व काही पूर्वीसारखे झाले असे नाही, पण पुष्कळ सुधारले. मुख्य म्हणजे मधुमेह वेळेत हाती लागला.

काय करावे?

१) उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी, रक्तातील चरबी व रक्तदाब तपासून घ्यावा. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ किंवा अधिक म्हणजे पुन्हा तपासून मधुमेहाचे निदान. डॉक्टरांनी सांगितल्यास हृदयाचा आलेख काढावा. सरकारी आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरील व्यक्तींचा रक्तदाब व साखर मोफत तपासतात.

२) रोज अर्धा तास, आठवड्यातून निदान पाच दिवस झपझप चालावे. बोरच्या जंगलाकडील गावकऱ्यांनी मात्र पुरते उजाडल्यावर आणि वस्तीतल्याच रस्त्याने फिरावे.

३) भात, साखर, तळलेले कमी. ज्वारीची भाकर, वरण, पालेभाजी जास्त. ज्वारीची म्हणून चार भाकरी खाऊ नयेत. दिवसातून सहा गोड चहा होत असतील, तर दोनवर यावे.

४) खर्रा, बिडी, सिगारेट पूर्ण बंद. दारूही सोडावी.

या उपायांनी खरोखर फरक पडतो का? इटलीत ११० लठ्ठ पुरुषांवर झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. आहार व व्यायामाने ज्यांनी वजन उतरवले, त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश पुरुषांची तक्रार दोन वर्षांत दूर झाली.

सावधान!

आठवडी बाजारात किंवा रस्त्याकडेच्या तंबूत मिळणारी ‘ताकदीची’ पुडी घेऊ नये. अशा ‘जडीबुटी’च्या औषधांत सिल्डेनाफिलची भेसळ अनेकदा सापडली आहे. सिल्डेनाफिल हे औषध वाईट नाही. १९९८ पासून ते वापरात आहे, आणि डॉक्टरांनी तपासून दिल्यास बहुतेकांना उपयोगी पडते. परंतु जो हृदयरोगी जिभेखाली ठेवायची नायट्रेट जातीची गोळी घेतो, त्याने ते घेतल्यास रक्तदाब एकदम कोसळून प्राणावर बेतू शकते. शिवाय या गोळीने मधुमेह बरा होत नाही. सूचना देणारी घंटा तेवढी बंद होते, आग आत तशीच राहते.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ही तक्रार उद्भवते. तसे वाटल्यास गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. डॉक्टर बदलून देतील.

र. धों. कर्वे यांनी १९२७ सालीच ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून मराठी माणसाशी या विषयांवर उघड बोलायला सुरुवात केली, आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्याही चढल्या. आज कोणाला कोर्टात जायचे नाही. फक्त दवाखान्यात जायचे आहे. संकोच वाटला तर डॉक्टरांना एवढेच सांगावे, “मला एकट्याने बोलायचे आहे.” पुढचे प्रश्न आम्ही विचारू. जमल्यास पत्नीलाही सोबत न्यावे, आणि रक्त तपासायला जाताना सकाळचा चहा घेऊ नये.