आधी डिस्क, मग वीज, उरेल त्यात पेटी

पोरी, स्टुडिओच्या फायली ठेवायला घरीच एक मशीन करायचं म्हणतेस, ते चांगलंच आहे. पण दुकानात गेलीस की काउंटरवरचा पोरगा आधी प्रोसेसरचं विचारेल, आय-फाइव्ह देऊ की आय-सेव्हन. त्या नादी लागू नकोस. फायली सांभाळायच्या आणि मागितल्या की द्यायच्या, एवढ्या कामाला प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच बसतो. एडिटिंग तू तुझ्या कॉम्प्युटरवर करणार. पैशाचा मोठा वाटा डिस्कला ठेव, त्याखालोखाल विजेच्या बंदोबस्ताला, आणि उरेल त्यात पेटी. उमरखेडात असं यंत्र जुनं होऊन कमी आणि वीज, ऊन, धूळ यांनीच जास्त जातं.

पेटी नवी घ्यायचीच गरज नाही. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर नांदेडला, नागपूरला सेकंडहँड मिळतात. इंटेलची सहावी पिढी म्हणजे २०१५ सालचा माल. तेवढा भरपूर झाला. रॅम ८ जीबी. मात्र स्लिम मॉडेल घेऊ नकोस, उभा टॉवर घे. स्लिममध्ये बहुधा एकच मोठी डिस्क बसते आणि ती गरम होत राहते. दुकानातच झाकण उघडायला लाव आणि स्वतः मोज: मदरबोर्डवर साटाची, म्हणजे डिस्क जोडायची, किती तोंडं आहेत, मोठ्या डिस्कच्या किती जागा आहेत, एसएमपीएसमधून, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्यातून, डिस्कला जाणाऱ्या किती पिना निघतात. डेलच्या बऱ्याच मॉडेलांत एसएमपीएसची मुख्य पिन वेगळ्या घडणीची असते, बाजारातला साधा एसएमपीएस तिथे बसत नाही. तो गेला तर बदली कुठून मिळेल, हे घेण्याआधी विचार.

हे मशीन चोवीस तास चालणार, म्हणून वीज किती खातं ते बघ. प्लगला लावायचं वॅटमीटर मिळतं, ते सोबत ने. २५ वॅट खाणारं मशीन महिन्याला १८ युनिट घेतं. कोणाचा जुना गेमिंगचा डबा १०० वॅट खात असेल तर ७२ युनिट. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या पुढचा टप्पा महाग आहे. घराचं बिल ऐंशी-नव्वद युनिटांचं असेल तर फुकट मिळालेला डबा तुला दर महिन्याला त्या टप्प्यात ढकलेल.

आता डिस्क. इथे घाई करायची नाही. डिस्क दोन जातीच्या येतात, सीएमआर आणि एसएमआर. एसएमआरमध्ये छपरावरच्या कौलांसारखे एका पट्ट्यावर दुसरा पट्टा चढवून जागा वाचवलेली असते. वाचताना फरक कळत नाही, पण मधलं काही बदलायचं म्हटलं की शेजारचे पट्टे पुन्हा लिहावे लागतात. दोन डिस्क जोडीत लावल्या आणि एक बदलायची वेळ आली, तर ही जात भरायला फार वेळ घेते, कधी मध्येच दम टाकते. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं, जगभर बोंब झाली, आणि कंपनीने सीएमआरसाठी रेड प्लस असं वेगळं नाव काढलं. म्हणून दुकानात नुसतं ‘रेड’ म्हणू नकोस, ‘रेड प्लस’ म्हण, किंवा सीगेटची आयर्नवुल्फ माग. इथे ताबडतोब मिळाली नाही तर सीसीटीव्ही बसवणाऱ्यांकडे बघ. त्यांच्याकडे पर्पल नाहीतर स्कायहॉक असते. तीही चोवीस तास लिहायला केलेली डिस्क आहे, आपल्या कामाला चालते. फक्त स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर कंपनीच्या वेबसाईटवर टाकून जात तपासून घे.

सीरियल नंबर टाकून वॉरंटीही तिथेच, पैसे द्यायच्या आधी बघ. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात हजारो तास चाललेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकलेल्या सापडल्या. डिस्क स्वतःच्या तब्येतीची स्मार्ट नावाची नोंद ठेवते; विकणाऱ्या साखळीत कोणीतरी तिच्यातले चाललेले तास शून्य करून ठेवले होते. त्या डिस्कमध्ये फार्म नावाची दुसरी नोंद असते, ती तशीच राहिली आणि चोरी पकडली गेली. सीगेट घेतलीस तर दोन्ही नोंदींतले तास जुळवून बघ.

जुनी डिस्क हाती आली तर स्मार्टच्या यादीत तीन ओळी शोध: ५, १९७ आणि १९८. उजवीकडच्या शेवटच्या रकान्यात तिन्हींपुढे शून्य हवं. गुगलच्या लोकांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता बिनचुकीच्या डिस्कच्या ३९ पट निघाली. तेव्हा ‘एखाद-दुसरा सेक्टर गेलाय, चालतंय ताई’ असं कोणी म्हटलं तर ती डिस्क त्यालाच परत दे. १९९ च्या ओळीत आकडा वाढत असेल तर मात्र डिस्कला दोष देऊ नकोस, आधी साटा केबल बदल.

डिस्क दोन घे, वेगवेगळ्या दुकानांतून किंवा निदान वेगवेगळ्या तारखेच्या. एकाच घाण्यातल्या दोन डिस्क एकाच सुमाराला दगा देऊ शकतात. दोन्हींची मिरर जोडी लाव, पण तिला बॅकअप समजू नकोस. चुकून एखाद्या लग्नाचं फोल्डर पुसलंस तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी पुसलं जातं. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने तीन-दोन-एकचा नियम लोकांपुढे मांडला: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. तुझ्याच धंद्यातला माणूस, तुझीच अडचण. घराबाहेरची प्रत एका साध्या यूएसबी डिस्कवर काढ आणि नांदेडला आत्याकडे ठेव. लग्नसराईत महिन्यातून एकदा गाडीने जाणं होतंच, तेव्हा अदलाबदल कर.

विजेचं सांगतो, ते नीट ऐक. वायरमनला बोलावून मल्टीमीटरने सॉकेट मोजून घे. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थिंग हे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत, न्यूट्रल-अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि पावसाळ्यात बरोबर असलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये निकामी होतं. त्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्याला बादलीभर पाणी घालत जा. एसएमपीएस नाव असलेल्या कंपनीचाच घे. बिननावाचा ४५० वॅटवाला बिघडला तर जाताना दोन्ही डिस्क घेऊन जाऊ शकतो. आणि जुन्या चार पिनांतून साटा काढणारं कन्व्हर्टर लावायची वेळ आली तर प्लास्टिक ओतून बंद केलेलं घेऊ नकोस. त्यात आतल्या आत तारा भिडून जळतात. तारा मागून दाबून बसवलेल्या दिसतात ते घे.

यूपीएस डेटा पोर्टवालाच घे. स्वस्तातल्या ६०० व्हीएच्या पुष्कळ मॉडेलांना तो नसतो. पोर्ट असेल तर बॅटरी उतरायला लागली की मशीन स्वतःहून नीट बंद होतं, तू लग्नाच्या मांडवात असलीस तरी. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर ठेव. साध्या मोडमध्ये लाईट गेल्यावर इन्व्हर्टर उशिरा लागतो आणि तेवढ्यात मशीन रीस्टार्ट होतं.

माळ्यावर, लोखंडी कपाटात किंवा टिनाच्या खोलीत हे ठेवायचं नाही. मे महिन्यात बाहेरच पारा पंचेचाळीसला टेकतो, आत डिस्कचं काय होणार! आतल्या खोलीत, जमिनीपासून हातभर उंच, आणि डिस्कच्या समोर १२० मिलिमीटरचा पंखा. डिस्क ४५ अंशांच्या आत राहिली तर उत्तम, ५० ला मोबाईलवर मेसेज येईल असं लावून ठेव. कापसाच्या हंगामात जाळीवर तंतू बसतात, ते पंधरा दिवसांनी काढ. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

नेटवर्कचं थोडक्यात. फायबरवाल्याने दिलेल्या राउटरच्या सगळ्याच पोर्टांना गिगाबिट नसतं. १०० मेगाबिटच्या पोर्टवरून ६४ जीबीचं कार्ड उतरायला दीड तास जातो, गिगाबिटवरून दहा-बारा मिनिटं. केबल शुद्ध तांब्याची घे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल खूप खपते, टोक खरवडलं की पांढरं दिसतं.

मशीनवर ओपनमीडियाव्हॉल्ट हे फायली सांभाळायचं सॉफ्टवेअर टाक. फुकट आहे, डेबियन लिनक्सवर चालतं, आणि सगळं ब्राउझरमधून करता येतं. ते एका छोट्या एसएसडीवर टाक, मोठ्या डिस्क फक्त फायलींसाठी राहू देत. मशीन आणल्या आणल्या लग्नाच्या फायली चढवू नकोस. आठवडाभर नुसतं चालू ठेव, डिस्कची लांब तपासणी लाव, मग एका डिस्कची वायर काढून बघ जोडी चालू राहते का. कोणत्या सीरियल नंबरची डिस्क कोणत्या जागेवर आहे, ते कागदावर लिहून झाकणाच्या आत चिकटव. एक डिस्क गेली आणि घाईत चांगलीच बाहेर काढली, असं पुष्कळांकडून झालेलं मी पाहिलंय.