वृद्ध कक्षातील संक्रांतीची भिंत

जानेवारी उजाडला की आमच्या वृद्ध शुश्रूषा कक्षात कागदी पतंगांची तयारी सुरू होते. प्रारंभी आमची एक चूक झाली. वाकडे कापलेले पतंग कर्मचारी रात्री नीट करून भिंतीवर लावीत. भिंत देखणी दिसे, परंतु उजवा हात लुळा पडलेल्या एका आजींनी विचारले, "यातला माझा कोणता?" आम्हांस उत्तर देता आले नाही.

आता पतंग जसा होईल तसाच लागतो. (एका विश्वस्तांनी वाकडेपणाविषयी पृच्छा केली होती, त्यांस हाच खुलासा.) संक्रांतीचा म्हणून काळा कागद घेतो, त्यावरील पांढरी रेघ मंद दृष्टीसही दिसते. थंडीने बोटे आखडतात, म्हणून काम उन्हे आल्यावरच. कुंचल्याच्या दांड्यास चिंधी गुंडाळली की तो थरथरत्या हातात ठरतो. कागद चिकटपट्टीने मेजावर बसविल्यास एका हातानेही रंगविता येतो. टाचणी मात्र वर्ज्य. ती अंथरुणात पडते. पतंग खाटेवरून दिसेल इतक्याच उंचीवर लावतो.

त्या आजींनी डाव्या हाताने रंगविलेला पतंग रथसप्तमीपर्यंत त्यांच्या खाटेसमोर होता. नंतर तो त्यांनी मुलाकरवी घरी पाठविला.