गूगलवर दुकान वर आणायचं, तर खर्च किती?

ताडकळसला तुमचं कृषी सेवा केंद्र, कापड दुकान किंवा ट्रॅक्टरचं गॅरेज असेल, तर 'गूगलवर एक नंबरला आणतो, वर्षाचे एवढे हजार द्या' असा फोन आज ना उद्या येतोच. पैसे देण्याआधी हे वाचा.

फुकट काय आहे?
'गूगल बिझनेस प्रोफाइल' उघडणं, त्याची पडताळणी आणि नकाशावर दिसणं, सगळं मोफत. त्यासाठी गूगल एक रुपयाही घेत नाही. 'लिस्टिंगची फी भरा, नाहीतर दुकान नकाशावरून काढू' असं कोणी म्हणालं, तर फोन ठेवा.

काय लागतं, किती दिवस लागतात?
स्मार्टफोन, जीमेल खातं, चालू मोबाइल नंबर आणि दुकानावर पाटी. पडताळणी बहुतेक वेळा व्हिडिओने होते. मध्ये न थांबवता एकाच दमात चित्रण करा: समोरचा रस्ता, पाटी, आतला माल आणि शटरचं कुलूप उघडणारा तुमचा हात. आधार, पासबुक किंवा गिऱ्हाइकांचे चेहरे त्यात येऊ देऊ नका. तपासणीला कामाचे 5 दिवस लागू शकतात. पाटीवर असेल तेच नाव भरा. नावापुढे 'सर्वात स्वस्त खत-बियाणे' चिकटवलंत, तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं.

क्रम कशावर ठरतो?
गूगल मुख्यतः तीन गोष्टी पाहतं: शोधलेल्या गोष्टीशी तुमची जुळणी, शोधणाऱ्यापासूनचं अंतर आणि दुकानाची ख्याती. अंतर तुमच्या हातात नाही. परभणीत उभ्या असलेल्या माणसाने 'बियाण्याचं दुकान' शोधलं, तर आधी बहुधा परभणीतलीच दुकानं दिसणार.

शिवाय गिऱ्हाईक यादी स्वतःही बदलतं. गूगल मॅप्सवर 'आता उघडे' किंवा ठरावीक स्टारच्या वरची दुकानं, असं ते निवडू शकतं. दुकानाच्या वेळा भरलेल्या नसतील, तर 'आता उघडे' दाबल्यावर तुमचं दुकान यादीतून गळू शकतं. म्हणून वेळा, सुट्टीचा दिवस, योग्य वर्गवारी, दुकानाचे खरे फोटो आणि मालाची माहिती भरा. माहितीत मालाची मराठी आणि इंग्रजी, दोन्ही नावं द्या. पेरणीच्या हंगामात दुकान लवकर उघडत असाल, तर तेव्हा वेळही बदला.

समाधानी गिऱ्हाइकाला अभिप्राय जरूर मागा, पण त्या बदल्यात सूट किंवा भेट देऊ नका. ते गूगलच्या नियमांत बसत नाही. विकतचे अभिप्राय काढून टाकले जातात, मग पैसे गेले ते गेलेच.

पैसे कुठे जातात?
जाहिरात: तिच्यावर 'प्रायोजित' अशी खूण असते. तिच्या पैशाने खालच्या नेहमीच्या निकालांतला क्रम बदलत नाही. जाहिरातीवर 18 टक्के जीएसटी लागतो, तो हिशेबात धरा. रोजची मर्यादा स्वतः ठरवा.
वेबसाइट: लहान दुकानाला ती लागतेच असं नाही. घ्यायचीच असेल, तर दुसऱ्या वर्षाचं नूतनीकरण किती, हे आधीच विचारा. पहिलं वर्ष स्वस्त आणि पुढचं महाग, हा नेहमीचा प्रकार आहे. डोमेन तुमच्याच नावावर घ्या.
एजन्सी: पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतः सांगतं. खऱ्या कामाचा परिणाम दिसायलाही बहुतेकदा 4 महिने ते वर्ष लागतं. तेव्हा 'आठ दिवसांत वर' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. महिन्याला नेमकं काय करणार, हे लेखी घ्या आणि जीएसटीचं बिल मागा. वर्षाचे पैसे एकदम देऊ नका.

ही एक गोष्ट विसरू नका
प्रोफाइल तुमच्याच जीमेलवर उघडा. एजन्सीला फक्त 'व्यवस्थापक' करा, मालकी देऊ नका. नाहीतर भांडण झालं की तुमच्याच दुकानाचा फोन नंबर बदलायला तुम्हाला त्यांच्या पाया पडावं लागेल. पडताळणीचा कोड किंवा ओटीपी कोणालाही सांगू नका. फसवणूक झालीच, तर लगेच 1930 वर फोन करा. पैसे घेऊन काम केलं नाही, अशी तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

आधी फुकटचं काम पूर्ण करा. तीन-चार महिने वाट पाहा आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला 'दुकान कसं सापडलं?' असं विचारत राहा. पैसे खर्चायचे की नाही, हे त्यांच्या उत्तरावरून ठरवा.