वाटाड्याच्या दोन पावलं मागं

परतवाडा,
चैत्र वद्य दशमी

चि. बापूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या मामीनं मला दोनदा वाचून दाखवलं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून वाचन तिच्याकडे आहे. कोलोरॅडोच्या डोंगरात पहाटे चार वाजता एल्क हरणाच्या शिकारीला निघालेले तू आणि तुझे तिकडचे दोस्त, थंडीनं गारठलेली तुझी लेक, एल्कच्या नराची ती शिट्टीसारखी लांब हाक, पावडरीची बाटली दाबून वारा पाहणारा गाईड, हे सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. तू बंदूक धरली नाहीस, नुसता सोबत गेलास, तरी पत्रभर तुझा श्वास रोखलेला जाणवतो. आता तेच दोस्त वैशाखात धाकट्याच्या लग्नाला अकोल्यात येणार आणि त्यांना असाच गाईड घेऊन आपलं जंगल दाखवायचं म्हणतोस. सगळी तयारी माझ्याकडे. पण गाडी ठरवण्याआधी चार गोष्टी तुला सांगायच्या आहेत, म्हणून फोन न करता लिहितो आहे.

पाहुण्यांना वाघाचं आमिष दाखवू नकोस. मेळघाटात वाघ आहेत, पण हे ताडोबा नव्हे. इथं डोंगर उभे, दऱ्या खोल, सागवान आणि बांबू दाट. वाघ दहा हातांवरून निघून गेला तरी कळत नाही. त्यांना सांग, आपण सांबर पाहायला चाललो आहोत. ते तिकडच्या एल्कचं भावंडच समज. सिलोनच्या डोंगरात शिकार करणारे इंग्रज सांबरालाच एल्क म्हणत. सॅम्युअल बेकरनं 1850 च्या दशकात तिथल्या शिकारीवर पुस्तक लिहिलं, त्यातला एल्क म्हणजे आपलं सांबरच. हरणांच्या जातीत भारतात याच्याएवढं मोठं जनावर नाही. पुरा वाढलेला नर अडीच-तीनशे किलोंपर्यंत भरतो आणि तरी वाळल्या सागपानांवरून असा जातो की आवाज नाही. हे तुझ्या दोस्तांना पटकन समजेल, कारण त्यांनी असल्या जनावरामागे पायपीट केलेली आहे.

ते विचारतील, इथं शिकार का बंद? उत्तर देताना त्यांना पापी ठरवू नकोस. त्यांच्या एकट्या कोलोरॅडोत अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत. मोजून परवाने निघतात, मांस वाया घालवायला कायद्यानं मनाई आहे, आणि 1937 सालापासून तिकडे बंदूक-काडतुसांवरच्या कराचा पैसा जनावरांच्या रक्षणाला जातो. ती एक रीत आहे आणि त्यांनी ती निष्ठेनं पाळली आहे. आपल्याकडे परवाने होते, शिकारीचे ब्लॉक होते, नियमही होते. पण दुसऱ्या महायुद्धानंतर जीप आल्या, सर्चलाइट आले, आणि रात्री रस्त्यावर दिपलेल्या डोळ्यांवर गोळी झाडणाऱ्यालाही लोक शिकारी म्हणू लागले. 1972 च्या मोजणीत देशात वाघ उरले 1827. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला, पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प, आणि पहिल्या नऊ जंगलांत आपला मेळघाट होता. मला विचारशील तर बंदी अटळ होती. आपण आपल्या हातानं ती ओढवून घेतली.

यात आपलं घरही आलं बापू. अकोटच्या वाड्यात ओसरीवर जी शिंगं आहेत, ज्यांवर तू लहानपणी दप्तर अडकवायचास, त्यांची गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. तुझी आई तेव्हा पाळण्यात होती. मी अकरा वर्षांचा. साल 1961, पौषाची थंडी. तुझे आजोबा, त्यांचे दोन मित्र आणि मी अकोटहून मीटरगेजच्या गाडीनं धूळघाटला उतरलो. ती गाडी आता बंद झाली. धूळघाटला रूळ चारच्या आकड्यासारखा स्वतःवरूनच वळून जायचा, ते पाहायला आम्ही पोरं खिडकीबाहेर लोंबकळायचो. परवाना एका नर सांबराचा होता. सोबत एक कोरकू म्हातारा वाटाड्या. कमरेला लंगोटी, खांद्यावर घोंगडं, हातात कुऱ्हाड. चालताना तो मधूनच चिमूटभर माती बोटांतून सोडायचा आणि ती कुठं जाते ते पाहायचा. तुझ्या गाईडची पावडरीची बाटली वाचली तेव्हा मला तो आठवला.

दोन दिवस काही दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी कातरवेळी नाल्याच्या पल्याड नर उभा राहिला. अर्धा बांबूच्या बेटाआड. आजोबांनी बंदूक उचलली तशी म्हाताऱ्यानं नळीवर हात ठेवला आणि ती खाली दाबली. तोंडानं एक शब्द नाही. आजोबांना वाटलं, तिसरा दिवस आहे, सुट्टी संपली, मित्र पाहत आहेत. त्यांनी हात झटकला आणि बार टाकला.

सांबर उधळलं. म्हातारा पल्याड गेला, पानावरचं रक्त बोटावर घेतलं, हुंगलं, आणि पोटावर हात ठेवून दाखवलं. रक्तात चघळलेल्या गवताचा हिरवा अंश होता. तो रात्री मागावर जाऊ देईना. जखमी जनावर बसेल, उठवलं तर कोसभर पळेल, असं त्यानं समजावलं. ती रात्र आजोबा शेकोटीजवळ बसून होते. सकाळी म्हातारा पुढं, आम्ही मागं. एकेक थेंब, एकेक मुडपलेली काडी. दुपारी एका डोहाशी पोचलो. सांबर मानेपर्यंत पाण्यात उभं होतं आणि काठावर पाच-सहा रानकुत्रे बसलेले, त्याची बाहेर यायची वाट पाहत. सांबराची ती रीतच आहे, कुत्रे लागले की खोल पाण्यात शिरायचं. आजोबांनी दुसरी गोळी घातली ती त्याची सुटका करायला. त्यानंतर त्यांनी बंदूक हाती धरली नाही. पुढं ती पोलिसांत जमा केली, आणि कायदा आल्यावर शिंगांची रीतसर नोंद केली. मरेपर्यंत शिंगांकडे पाहून ते एकच सांगायचे की त्यानं हात ठेवला होता.

म्हणून बापू, माझं म्हणणं एवढंच आहे की वाटाड्यानं हात ठेवला की थांबायचं. तुझ्या पत्रातही ते आहेच. तिकडच्या गाईडनं तुझ्या मित्राच्या वडिलांना कोवळ्या नरावर गोळी घालू दिली नाही आणि त्यांनी मुकाट्यानं ऐकलं. तुला त्या दिवसातलं काय सगळ्यात आवडलं ते तू लिहिलं नाहीस, पण मामी म्हणाली की त्याच परिच्छेदात तुझं अक्षर सगळ्यात नेटकं आहे.

आता आपला बेत. अकोल्याहून अकोट, पोपटखेड, मग शहानूर. नरनाळ्याच्या पायथ्याशी गेट आहे. पाहुण्यांचे पासपोर्ट आणि नोंदणीचे कागद हाताशी ठेव. गाईडची फी गेटवर पावतीनं भरायची असते, पण फी भरली म्हणजे आपण त्याला विकत घेतला असं नाही. जंगलात मालक तो. नव्या पाहुण्यांपुढे मिरवायला म्हणून त्याला घाई करू नकोस, ‘काही दाखव ना भाऊ’ म्हणू नकोस. आपण जो गाईड घेणार आहोत त्याला मी वीस वर्षं ओळखतो. उतावीळ माणूस दिसला की तो गप्प होतो, आणि तो गप्प झाला की अख्खी फेरी वाया गेली.

त्याला जे येतं ते विचार. नाल्याच्या रेतीतला ठसा सकाळचा की रात्रीचा, हे तो कडा ढासळली का त्यावरून सांगतो. सांबर ‘ढाँक’ करून ओरडलं आणि पाय आपटत राहिलं, तर काय समजायचं. वानराच्या खोकण्यावर आणि सांबराच्या हाकेवर तो सारखाच विश्वास का ठेवत नाही. तुझ्या दोस्तांना यात गोडी वाटेल, कारण शिकाऱ्याची विद्या बंदुकीच्या घोड्यात नसते, ती या वाचण्यात असते. वैशाखात पानगळ झालेली, नजर लांब पोचते. नाले आटलेले असतात, म्हणून जनावर कातरवेळी पाणवठ्यावर येतं. तेंदूपत्त्याचा हंगाम असेल, मोहाची टोळंबी पिकत असतील, गावची माणसं रानात असतील. त्यांना वाट द्या.

दुसऱ्या दिवशी वर सेमाडोहला नेईन. तिथल्या नदीचं नाव सिपना, कोरकूत सिपना म्हणजे साग. पाहुण्यांना हे सांग. वाघाला कोरकू कुला मामा म्हणतात हेही सांग. ज्याला मामा म्हटलं त्याच्याशी वागायची एक रीत असते, हे तुला समजावायला नको. रानपिंगळा दिसला तर नशीब. 1884 नंतर शंभराहून जास्त वर्षं हे लहानसं घुबड कुणालाच सापडलं नव्हतं. 1997 मध्ये शहाद्याजवळ ते पुन्हा दिसलं आणि पुढं कळलं की मेळघाटात त्याची मोठी वस्ती आहे.

एक कळकळीची गोष्ट. 1993 साली इथल्या बालमृत्यूंच्या बातम्या देशभर गेल्या, तेव्हापासून मेळघाट म्हटलं की बाहेरचा माणूस कोरकू पोराच्या फोटोसाठी कॅमेरा काढतो. पाहुण्यांनी तसं करू नये एवढं तू आधीच बोलून ठेव. गाईडच्या घरी चहा घेऊ. त्याच्या पोरांशी तुझी लेक खेळेल तर खेळू दे. फोटो त्याच्या बायकोनं काढा म्हटलं तरच.

आणखी एक. तिकडे गळालेली शिंगं गोळा करायचा छंद असतो असं तू लिहिलंस. इथं रानात पडलेलं शिंग, काटा, पीस, काही उचलायचं नाही. गाडीतून उतरायचं नाही. अत्तर नको, भडक कपडे नकोत. अकोल्याचं वैशाखातलं ऊन त्यांनी पाहिलेलं नाही, तेव्हा पाण्याचे कॅन दुप्पट घे.

रस्त्यात कुणी शेतकरी भेटला आणि पाहुण्यांनी जनावरांबद्दल विचारलं, तर तो रोही आणि रानडुकरांबद्दल बोलेल, आणि गोड बोलणार नाही. तुझा चुलतभाऊ हरभऱ्याच्या दिवसांत रात्र-रात्र जागलीला असतो. त्याचं बोलणं तोडू नकोस, नीट भाषांतर करून सांग. जंगलाचं प्रेम आपण शहरात बसून करतो, त्याची किंमत तो बांधावर भरतो. यावर माझ्याजवळ उत्तर नाही, पण ऐकून घेणं आपलं काम आहे.

गाईडला मी तुमच्या एल्कबद्दल सांगितलं. तो बराच वेळ विचारत होता, शिंगं किती, पाण्यात बसते का, कुत्रे लागतात का. मग म्हणाला, ‘मास्तर, थे वरडते कसं?’ मला काही नक्कल जमली नाही. तुझ्या फोनमध्ये तो आवाज असेल तर घेऊन ये. जंगलात वाजवायचा नाही, संध्याकाळी त्याच्या ओसरीत बसून ऐकवू.

तुझा,
मामा