आधी काम सांग, मग कॉम्प्युटर विचार

सई, मॅक घेऊ, विंडोज घेऊ की आत्यासारखं लिनक्स, असं विचारलंस ते बरं केलंस. टाइपसेटिंगच्या धंद्यात माझा जन्म गेला आणि या सगळ्या जातींची यंत्रं माझ्या हाताखालून गेली. त्यातून जे पक्कं कळलं, तेवढंच सांगते.

इतक्यात दुकानात जाऊ नकोस. तुझ्या आर्किटेक्चर कॉलेजात चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मुलींना आधी गाठ. त्यांना ‘कुठला लॅपटॉप चांगला?’ असं विचारू नकोस, कारण प्रत्येकीला स्वतःचाच चांगला वाटतो. ‘सबमिशनच्या आदल्या रात्री तुमच्या स्क्रीनवर काय उघडलेलं असतं?’ असं विचार. ऑटोकॅड, स्केचअप, रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स, ल्युमिऑन ही नावं तुझ्या कानावर येतील. यातलं ऑटोकॅड आणि स्केचअप मॅकवरही चालतं. बाकीची तिन्ही विंडोजसाठी बनलेली आहेत. पूर्वी मॅकवर बूट कॅम्पमधून विंडोज बसवून घेता यायचं, पण २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ॲपलने स्वतःची एम१ चिप आणली आणि नव्या मॅकवर ती सोय राहिली नाही. आता पॅरलल्स घेऊन मॅकच्या आत विंडोज चालवणारे आहेत. पण ते आर्म चिपसाठीचं विंडोज असतं आणि तिथे रेव्हिट चालण्याची जबाबदारी ते बनवणारी कंपनी घेत नाही. पाच वर्षांचा अभ्यास अशा आडवाटेवर टाकायचा नाही.

म्हणून तुझ्यापुरतं माझं उत्तर सरळ आहे: विंडोज, सोबत वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि कमीत कमी १६ जीबी रॅम. वजन जास्त असेल, पंख्याचा आवाज येईल, बॅटरी लवकर उतरेल. ते सोसायचं. आणि सीनियरकडून सॉफ्टवेअरची चोरटी कॉपी घेऊ नकोस. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड, रेव्हिट आणि मॅक्स फुकट वापरायला देते, दर वर्षी नूतनीकरण करायचं एवढंच. व्हायरस बहुतेक वेळा त्या चोरट्या कॉपीतूनच घरात शिरतो आणि दोष विंडोजच्या माथी जातो.

मॅकबद्दल मी वाकडं बोलणार नाही. मॅकबुक एअरमध्ये २०२० पासून पंखाच नाही, त्यामुळे ते अजिबात आवाज करत नाही. बॅटरी दिवसभर टिकते आणि जुनं झाल्यावरही चांगली किंमत येते. तुला आयफोनची ॲप लिहायची असती तर एक्सकोड मॅकवरच मिळतं. फायनल कटवर एडिटिंग किंवा लॉजिकवर संगीत करायचं असतं, तरी मी मॅकच घे म्हटलं असतं. तेव्हाही एक गोष्ट मात्र बजावली असती: या लॅपटॉपमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही. जी घ्यायची ती पहिल्याच दिवशी, थोडी हात सैल सोडून घ्यायची.

विंडोजची यंत्रं गल्लोगल्ली दुरुस्त का होतात, हेही समजून घे. आयबीएमने १९८१ साली पीसी काढला तो बहुतांशी बाजारात मिळणाऱ्या भागांतून. दुसऱ्या कंपन्यांनी तसाच पीसी बनवायला घेतला आणि आयबीएमला तो थोपवता आला नाही. म्हणून आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर डझनभर कंपन्यांचे सुटे भाग मिळतात आणि ते एकमेकांत बसतात. मॅकचं सगळं एकाच कंपनीच्या हातात, त्यामुळे जुळणी सुबक आणि दुरुस्ती महाग. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीने आसपास कोण दुरुस्त करून देईल हे पाहिलंच पाहिजे.

आता घरातल्या बाकीच्यांचं. तुझे बाबा टेंडरं भरतात, डिजिटल सहीचं टोकन लावतात आणि हिशेब टॅलीत ठेवतात. टॅली विंडोजवर चालतं आणि टोकनांचे ड्रायव्हरही बहुधा विंडोज धरूनच केलेले असतात. त्यांच्या टेबलावरचं यंत्र कुणाच्या हौसेपायी बदलू देऊ नकोस, त्यावर घर चालतं. अथर्वला गेम खेळायचे असतील तर तोही विंडोजवरच खूश राहील. त्याचं लाडकं व्हॅलोरंट मॅकवरही नाही आणि लिनक्सवरही नाही.

माळ्यावरचा जुना पीसी मात्र भंगारात देऊ नका. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर त्याच्या यादीत जवळपास नाहीतच. म्हणजे धडधाकट यंत्र निव्वळ वयामुळे बाद. त्यावर लिनक्स मिंट घाला. मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. वायफाय लागतो का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, हे तिथेच तपासा. जुने स्वस्त लेझर प्रिंटर आपल्या खास ड्रायव्हरशिवाय हलत नाहीत आणि तो लिनक्ससाठी असतोच असं नाही. नवा प्रिंटर घ्याल तर खोक्यावर एअरप्रिंट लिहिलेला घ्या. तो मॅकवर आणि लिनक्सवर सहसा ड्रायव्हरशिवाय लागतो.

आईला, म्हणजे तुझ्या आजीला, पेपर वाचायला आणि अमेरिकेतल्या नातवंडांचे चेहरे बघायला क्रोमबुक पुरेल. फक्त ते कुठल्या तारखेपर्यंत अपडेट होणार हे घेण्याआधी पाहायचं. २०२१ पासूनच्या मॉडेलांना गुगलने दहा वर्षं दिली आहेत, पण ती मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, आपण विकत घेतल्यापासून नाही. दुकानात सवलतीत मांडलेल्या क्रोमबुकची निम्मी वर्षं कदाचित सरलेली असतात.

आणि आता सगळ्यात कळकळीचं. यंत्र येतं आणि जातं, आपण लिहिलेलं, काढलेलं राहिलं पाहिजे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्यात डीबी स्पेक्ट्रम नावाचा घरगुती कॉम्प्युटर तयार व्हायचा, इंग्लंडच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमचाच भारतीय अवतार. टीव्हीला जोडायचा, प्रोग्रॅम कॅसेटवर ठेवायचे. त्याच दशकात शाळाशाळांतून सरकारच्या ‘क्लास’ योजनेत बीबीसी मायक्रो आले. एकाचे प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नसत. दोन्ही यंत्रं गुणी होती आणि दोन्ही मागे पडली. १९८५ चा अमिगा चित्रात आणि आवाजात कितीतरी पुढे होता, पण त्याची कंपनी कमोडोर १९९४ साली दिवाळखोरीत गेली. चांगलं यंत्र टिकतंच असं नाही, म्हणून आपला ऐवज एकाच यंत्राच्या ताब्यात द्यायचा नाही.

मराठीत हे आम्ही फार महाग शिकलो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ साली आली आणि तिच्यातही युनिकोड नव्हता. त्यामुळे वर्षानुवर्षं मराठी पुस्तकं ज्या त्या कंपनीच्या फॉन्टमध्ये जुळवली गेली. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की काना-मात्रांच्या जागी निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. आजही जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची तर मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलावा लागतो आणि नंतर ओळ न् ओळ तपासावी लागते, कारण रफार आणि जोडाक्षरं हमखास निसटतात. फाइल डिस्कवर शाबूत असते, आणि तरी लेखकाला स्वतःचं पुस्तक वाचता येत नाही. तुझ्या बाबतीत असं होऊ नये.

म्हणून मराठी लिहिशील ते युनिकोडमध्येच लिही, आणि बोटांना इनस्क्रिप्टची सवय लाव. १९८६ साली ठरलेला तो कळफलक आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींत तो आधीपासूनच असतो. रोज थोडा वेळ बसलीस तर सुट्टी संपायच्या आत हात बसेल, आणि पुढे कुठल्याही यंत्रापुढे बसलीस तरी बोटं अडणार नाहीत.

मैत्रिणीने मॅकच्या पेजेसमध्ये लिहिलेली फाइल तुझ्या वर्डमध्ये उघडणार नाही. तिला वर्डची किंवा पीडीएफ करून मागायची. बाहेरची हार्ड डिस्क घेतलीस की कामाचं काही भरण्याआधी ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घे. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवरचं मॅक वाचतो पण त्यावर लिहीत नाही, आणि फॅट३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. ल्युमिऑनचा एखादा व्हिडिओच तेवढा व्हायचा. कॉलेजचं सगळं काम त्या डिस्कवर दर रविवारी उतरवून ठेव. क्लाउडवर असलं तरी.

पैसे देण्याआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचार: रॅमची दुसरी खाच मोकळी आहे का, एसएसडी बदलता येते का, आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुझ्या कॉलेजच्या गावात आहे का. नुसतं ‘हो मॅडम’ म्हणाला तर मॉडेलचा पूर्ण नंबर लिहून घे, कंपनीच्या पानावर मी बघून देते, आणि मगच पैसे भर.